महाद्वार रोड: रस्ता, घरं आणि तीन अंशांचं ऊन

दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून, म्हणजे देवळाच्या पश्चिमेकडच्या मुख्य दारातून, आत शिरतं आणि अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातं. याला किरणोत्सव म्हणतात, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ते ऊन आत पोचणार की वाटेतच अडणार, याचा निकाल देवळाबाहेरच्या छपरांवर लागतो. महाद्वारासमोरची घरं किती उंच आहेत, त्यांच्या गच्चीवर काय ठेवलंय, रस्त्यावर कमानी कुठे उभ्या केल्यात, यावर गाभाऱ्यातली ती पाच-सात मिनिटं अवलंबून असतात. म्हणून महाद्वार रोड समजून घ्यायचा तर रस्ता, त्यावरची घरं आणि ऊन या तिन्ही गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात.

रस्ता दारासमोर आडवा का

नावावरून बाहेरगावच्या माणसाला वाटतं की हा रस्ता सरळ महाद्वारात जाऊन संपत असेल. तसं नाही. महाद्वार रोड दक्षिणेला बिनखांबी गणेश मंदिरापासून निघतो, देवळाच्या पश्चिम अंगाने उत्तरेकडे जातो आणि पापाच्या तिकटीला मिळतो. महाद्वार त्याच्या उजव्या हाताला लागतं. दारासमोरून पश्चिमेला फुटतो तो ताराबाई रोड, कपिलतीर्थ मार्केटवरून रंकाळ्याकडे जाणारा.

रस्ता असा आडवा असण्याचं कारण प्रदक्षिणेत सापडतं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेनंतर अंबाबाईचा रथ निघतो आणि नवरात्रात अष्टमीला देवी नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते. दोन्ही वेळा वाट साधारण तीच: महाद्वारातून बाहेर, गुजरीतून भवानी मंडपाकडे, तिथून मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, आणि महाद्वार रोडने परत दारात. नकाशावर बोट फिरवून बघा. पश्चिमेकडून उत्तर, मग पूर्व, मग दक्षिण, आणि पुन्हा पश्चिम. देव उजव्या हाताला ठेवून घातलेला हा सरळसरळ फेरा आहे. देवळाच्या आत जशी प्रदक्षिणेची वाट असते, तशीच ही गावाच्या अंगावर काढलेली. महाद्वार रोड हा त्या फेऱ्याचा शेवटचा, पश्चिमेचा तुकडा.

गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूकही याच दिशेने जाते: मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि पुढे पंचगंगेचा घाट. म्हणजे वर्षातून निदान तीनदा या रस्त्यावर चाकांवरचं किंवा खांद्यावरचं उंच, जड, सावकाश चालणारं काहीतरी जातं आणि दोन्ही बाजूंना माणसांची दाटी असते. रस्त्याची रुंदी या गर्दीच्या हिशेबाने मोजायला हवी. एरवी दोन फूट पुढे आलेली पायरी कुणाच्या लक्षात येत नाही. मिरवणुकीच्या रात्री मात्र त्या दोन फुटांमागे सगळी रांग तुंबते, कारण मोठ्या मूर्तीच्या ट्रॉलीला बाजूला सरकायला जागा नसते.

कोल्हापूरच्या रस्त्यांचे दोन शब्द इथे सांगायला हवेत. जिथे तीन रस्ते मिळतात ती तिकटी. आणि जुन्या तटात जिथे दरवाजा होता ती वेस, बोलताना वेश: गंगावेश, रंकाळावेश. तट गेला, दरवाजे गेले, नावं राहिली. तिकट्या आणि वेशी जोडत गेलात की जुन्या कोटातल्या गावाचा आकार आपोआप डोळ्यांसमोर येतो. त्याच्या मधोमध देऊळ आणि देवळाला लागून जुना राजवाडा. मूर्तीची पुनर्स्थापना १७१५ साली झाली आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीरची, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींची, गादी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. देव आणि दरबार असे शेजारी-शेजारी नांदायला लागल्यावर या फेऱ्याच्या कडेची जागा पेठेतली सगळ्यात मोलाची ठरली. सराफ गुजरीत बसले आणि कापड, भांडी, पूजेचं सामान महाद्वाराच्या आसपास आलं. १८५४ मध्ये नगरपालिका झाली तेव्हा ही बाजारपेठ आधीपासून नांदती होती.

दुकान खाली, माडी वर

या रस्त्यावरचं जुनं घर रस्त्याकडून अरुंद आणि आत लांब असतं. कारण साधं आहे: ज्याला दुकान काढायचं त्याला रस्त्याला तोंड हवं, आणि तोंड सगळ्यांना हवं म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. घराचं माप फुटात सांगण्याआधी खणात सांगायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. तीन खणांचं घर म्हणजे रस्त्याला पंधरा-अठरा फूट. आत मात्र ते दुकान, सोपा, माजघर, उजेडापुरता चौक, मागे न्हाणी आणि परसू असं खोल जातं.

बांधकाम खालून वर बघू.

सगळ्यात खाली जोतं. काळ्या घडीव दगडाचं, रस्त्यापासून दोन-अडीच फूट उंच. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत येऊ नये हे पहिलं काम. दुसरं काम बसण्याचं: पुढचा कट्टा म्हणजे गिऱ्हाइकाची बैठक आणि पालखीच्या वेळी उभं राहायची जागा. जोत्यात खांबाच्या खाली एक चौकोनी दगड बसवलेला असतो, तो तळखडा. लाकडी खांब कधीच जमिनीत पुरायचा नाही, तो तळखड्यावर ठेवायचा. हा एक दगड नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचंच दुखणं येणार आहे.

तळखड्यावर सागवानी खांब. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पंख्यासारखे फाकलेले हस्त. हस्तांवर तुळई, म्हणजे मोठी आडवी तुळ. हस्तांमुळे तुळईला आधाराचं अंतर कमी मिळतं, मग ती मधे वाकत नाही. तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडव्या तुळया, कड्यांवर किलचण, म्हणजे लाकडी पट्ट्यांची बिछायत, आणि तिच्यावर मातीचा थर. ही झाली माडीची जमीन. माडीच्या वर वासे आणि कौलं. कोल्हापूरचा पाऊस जोराचा, त्यामुळे पाणी पटकन उतरायला छपराला उतार लागतोच, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचण चांगली पुढे काढलेली असते.

भिंती दिसायला जाड, पण या घरात वजन भिंत घेत नाही. वजन लाकडी सांगाडा घेतो. खांब, तुळई आणि हस्त मिळून एक पिंजरा होतो आणि दगड, विटा, पांढरी माती यांची भिंत त्याच्या मधल्या जागा भरते. हे समजलं नाही तर दुरुस्ती हमखास चुकते.

पुढच्या तोंडाला खाली दुकानाच्या फळ्या. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच असते, फळ्या एकेक करून त्या खाचेत सरकवायच्या आणि शेवटच्या फळीला कडी. लोखंडी शटर आलं आणि खाचा बुजल्या, पण जुन्या उंबऱ्यावर हात फिरवला तर ती खाच अजून कुठे कुठे बोटाला लागते. वर माडीची गॅलरी, लाकडी कठड्याची, तुळईच्या पुढे काढलेल्या टोकांवर पेललेली. वारा आणि उजेड तर तिथून येतोच, पण खालून जाणारी पालखी आणि माडीवरची माणसं साधारण एका उंचीवर यावीत इतपतच ती वर असते. रस्त्याची रुंदी, कट्ट्याची उंची आणि गॅलरीची उंची यांचा असा एकमेकांशी मेळ आहे. हे घर रस्त्याकडे बघण्यासाठी बांधलेलं आहे. आज बहुतेक गॅलऱ्या दुकानांच्या पाट्यांमागे गेल्या आहेत. जुनं काम बघायचं असेल तर सकाळी दुकानं उघडायच्या आधी या आणि नजर पाट्यांच्या वर ठेवा: हस्तांवरची नक्षी, तुळईच्या टोकांना दिलेला आकार, कठड्याच्या कातीव दांड्या तिथेच आहेत.

घर कुठे बिघडतं

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक रस्त्यापासून सुरू होते. रस्त्याचं डांबरीकरण करताना जुना थर न खरवडता नवा थर टाकला की रस्ता दर खेपेला दोन-तीन इंच वर येतो. सात-आठ वेळा असं झालं की दीड फूट जोतं रस्त्यात गडप. मग पावसाचं पाणी उंबऱ्यावरून आत येऊ लागतं. दुकानदार आतली जमीन उंच करतो: कोबा, वर टाइल्स. आणि या उंच केलेल्या जमिनीत तळखडा पुरला जातो. जो खांब दगडावर कोरडा उभा होता, त्याचा पाय आता ओल्या भरावात. सिमेंट ओल शोषून धरतं आणि टाइल्समुळे ती वर उडून जाऊ शकत नाही, मग ती लाकडातून वर चढते. वरून खांबाला ऑइल पेंट फासलेला असला की लाकडाला सुकायला वावच राहत नाही. खांब आतून भुसा होतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो.

देवळाच्या आवारातला गरुड मंडप याच दुखण्याने गेला. एकोणिसाव्या शतकातलं सागवानी काम, सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी कमानी. खांब खालून कुजले, आणि शेवटी सगळा मंडप उतरवून नव्या लाकडात उभारायचं काम हाती घ्यावं लागलं. एवढ्या मानाच्या वास्तूची ही गत, तर पेठेतल्या घराच्या खांबांकडे किती बारकाईने बघायला हवं ते कळतं.

खांब तपासायला फार काही लागत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत लाकडी हातोडीने हळू ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग जमिनीच्या अगदी लगत दाभण किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. चांगल्या सागवानात तो जेमतेम रुतेल, कुजलेल्यात सहज इंच-दीड इंच जाईल. चारी बाजूंनी बघा, कारण भिंतीकडची बाजू नेहमी आधी जाते.

खांबाचा पाय बदलायचा तर क्रम चुकवून चालत नाही. आधी टेकू: खराब खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली, खाली जाड फळी टाकून, म्हणजे वजन जमिनीवर पसरेल. टेकू वरपर्यंत घट्ट बसल्यावरच कोबा फोडायचा. मग कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि वर आणखी दोन-तीन इंच. त्या जागी एक तर जुन्या, वाळलेल्या सागवानाचा तुकडा खाच पाडून सांधायचा, किंवा तेवढी उंची घडीव दगडाने भरून काढायची, म्हणजे नवा तळखडा जमिनीच्या वर राहील. आमच्या मते दगडच बरा. लाकडाचा तुकडा त्याच ओलीत पुन्हा जातो, दगड जात नाही. आणि खांबाभोवतीच्या टाइल्स बोटभर तरी लांब थांबवायच्या.

दुसरी चूक गाळा मोठा करण्याची. दुकानाच्या मधला खांब गिऱ्हाइकाच्या आणि काचेच्या शोकेसच्या आड येतो, म्हणून तो काढून वर लोखंडी गर्डर टाकतात. एका खांबावरचं वजन आता गर्डरच्या दोन टोकांना जातं, आणि ती टोकं बऱ्याचदा शेजारच्या सामाईक भिंतीत नुसती घुसवलेली असतात. ती भिंत तर मातीची भर, वजन घ्यायला बांधलेलीच नव्हती. सहा महिने काही दिसत नाही. मग पावसाळ्यानंतर शेजाऱ्याच्या माडीवर तिरकी चीर पडते आणि दोष कुणाचा हे कुणालाच उमगत नाही. गर्डर टाकायचाच तर त्याच्या दोन्ही टोकांखाली पायापासून वर येणारा स्वतःचा खांब हवा.

तिसरी चूक गिलाव्याची. चुन्याची भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच की तिच्यातली ओल गिलाव्यातून बाहेर उडून जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून खाली येतो, येताना जुन्या भिंतीचा पापुद्रा घेऊन येतो. दुरुस्ती चुन्यानेच करायची. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान पंधरा दिवस भिजत ठेवायचा. एक भाग चुन्याला तीन भाग चाळलेली वाळू. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, त्याने चुना चिकट होतो आणि आवळतो. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. दुसरा थर पहिला आवळल्यावर. वर गोणपाट लावून आठ-दहा दिवस ओलावा धरायचा, भर उन्हात सुकू द्यायचा नाही. हे काम भर पावसात काढू नये, दिवाळीनंतर काढावं.

एकाला एक चिकटलेली घरं असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मधलं घर पाडलं की दोन्ही बाजूंचे सांगाडे आधार हरवतात, कारण वर्षानुवर्षं ते एकमेकांना रेलून उभे असतात. पाडायच्या आधी शेजारच्या भिंतींना तिरके टेकू लावणं हा शेजारधर्म तर आहेच, आणि नंतरचा दावा टाळायचा स्वस्त उपायही.

ऊन: तीन अंशांचा हिशेब

पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. मार्च आणि सप्टेंबरात तो बरोबर पश्चिमेला मावळतो. २१ डिसेंबरच्या सुमाराला कोल्हापुरातून तो पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, आणि तिथून परत फिरतो. झोका टोकाला जाऊन परत येतो तसंच. म्हणजे वाटेतल्या कुठल्याही एका जागेवरून तो दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४२ दिवस. किरणोत्सव वर्षातून दोनदा का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

त्या दिवसांत ऊन आत शिरण्याच्या वेळी सूर्य पश्चिमेपासून साधारण १९ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे देवळाची ती दारांची रेष नेमक्या पश्चिमेला नाही, रंकाळ्याच्या बाजूला कललेली आहे. महाद्वाराची कमान, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, गाभारा: ही सगळी ठिकाणं एका ओळीत आल्याने एक लांब नळी तयार होते आणि त्या नळीतून आकाशाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. सूर्य मावळायची जागा या दिवसांत रोज साधारण पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं. म्हणजे रोज अर्ध्याहून थोडं जास्त बिंब. तीन-चार दिवसांत तो नळीच्या तोंडासमोरून पुढे निघून जातो. म्हणून हा सोहळा महिनाभर चालत नाही.

बाकीचे बहुतेक सण तिथीवर, हा तारखेवर, तेही यामुळेच. तिथी चंद्राची. मावळायची जागा ठरते सूर्यावरून, आणि इंग्रजी तारीख सूर्याच्या वर्षाला बांधलेली. आणि एक शंका नेहमी येते: हजार वर्षांत सूर्याचीच जागा बदलली असेल का? पृथ्वीचा कल बदलतो हे खरं, पण इतका सावकाश की हजार वर्षांचा फरक बिंबाच्या पाव भागाएवढाही भरत नाही. ऊन पोचलं नाही तर दोष आकाशाला देता येत नाही.

आता वेळ. नोव्हेंबरात ऊन मूर्तीजवळ येतं ते साधारण पावणेसहाच्या सुमाराला, जानेवारी-फेब्रुवारीत सव्वासहाच्या. जागा तीच, मग घड्याळ अर्धा तास पुढे कसं? कारण घड्याळाचे बारा आणि सूर्याचं माथ्यावर येणं एका वेळी होत नाही. कोल्हापुरात १० नोव्हेंबरला सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास, आणि १ फेब्रुवारीला १२ वाजून ४७ मिनिटांच्या. सगळा दिवसच अर्ध्या तासाने पुढे सरकलेला असतो. दोन्ही वेळा मावळायला साधारण बारा-चौदा मिनिटं बाकी असतात, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या सुमारे तीन अंश वर असतो.

हे तीन अंश म्हणजे या सगळ्या गोष्टीचा गाभा. सूर्य वर असताना दारातून येणारं ऊन उंबऱ्याजवळच जमिनीवर पडतं. तो खाली येतो तसं ऊन आत आत सरकतं, उंबरे ओलांडतं, चरणांना लागतं आणि मग मूर्तीवर वर चढतं. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. मूर्तीची उंची सुमारे तीन फूट. मावळताना सूर्य सरळ खाली जात नाही, थोडा उत्तरेला सरकत जातो. म्हणून ऊन वर चढता चढता दक्षिणेला, म्हणजे देवीच्या डाव्या हाताकडे कलतं.

म्हणजे ऊन मुखापर्यंत चढायचं तर सूर्य आणखी खाली यायला हवा. आणि जितका खाली, तितका तो घरांच्या छपरांत अडकण्याचा धोका मोठा. चरणस्पर्श होतो आणि वरचं राहून जातं, असं अनेकदा घडतं ते यामुळे.

हिशेब अगदी सोपा आहे. तीन अंशांची रेष दर १०० फुटांना सव्वापाच फूट वर चढते. मूर्तीपासून ३०० फुटांवर ती पंधरा-सोळा फूट उंच असते, ६०० फुटांवर एकतीस फूट. अर्थात ही उंची मूर्तीच्या पातळीपासून धरायची, रस्ता तिथे खाली उतरत असेल तर तेवढी सवलत मिळते. आता जुनं घर घ्या: अडीच फूट जोतं, नऊ फूट दुकान, आठ फूट माडी, वर मागे ढळलेलं कौलारू छप्पर. रस्त्याकडची वळचण वीस फुटांच्या आत. आता त्याच जागेवरची नवी इमारत घ्या: तीन मजले म्हणजे तीस फूट, गच्चीवरची जिन्याची खोली आठ फूट, आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी पाच फूट. एकूण त्रेचाळीस फूट. तीन अंशांच्या रेषेच्या खाली राहायचं तर ही इमारत मूर्तीपासून जवळजवळ ८२० फूट लांब हवी.

सूर्याला एक अंश खाली यायला साधारण साडेचार मिनिटं लागतात. ३०० फुटांवर दहा फुटांचा एक मजला वाढला की दृष्टीच्या रेषेत जवळजवळ दोन अंश बुजतात, म्हणजे साडेआठ मिनिटं. आणि मूर्तीवर ऊन असतं तेच मुळात काही मिनिटं. एक मजला म्हणजे तो दिवस गेला.

हवेचंही देणं-घेणं आहे. सूर्य तीन अंशांवर असताना त्याचं ऊन डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे पंधरा पट जास्त हवेतून येतं. त्यामुळे दुपारी जाणवतही नाही इतकी धूळ किंवा बाष्प संध्याकाळी ऊन पार मलूल करतं. नोव्हेंबरात हवेत अजून ओल असते, क्षितिजावर ढग रेंगाळतात, गाळप हंगाम सुरू होऊन धूर वाढतो. फेब्रुवारीची हवा कोरडी, म्हणून तेव्हाचा सोहळा बहुधा जास्त ठसठशीत होतो. ढगाला इलाज नाही. टाकीला आहे.

आपली इमारत या वाटेत येते का, हे महाद्वारासमोर पश्चिमेला राहणाऱ्या कुणालाही स्वतः बघता येतं. १० नोव्हेंबरला पावणेसहाच्या सुमाराला, किंवा १ फेब्रुवारीला सव्वासहाला गच्चीवर जा आणि टाकीची, जिन्याच्या खोलीची, अँटेनाच्या खांबाची सावली कुठल्या दिशेने लांबते ते बघा. ती महाद्वाराच्या कमानीकडे रोखलेली असेल तर ती वस्तू उन्हाच्या वाटेत आहे. नसेल तर तुमचं घर उंच असलं तरी त्याचा संबंध नाही, कारण ऊन जातं ती पट्टी दाराजवळ कमानीच्या रुंदीएवढीच अरुंद असते, पुढे ती थोडी पसरते. त्यामुळे पुष्कळदा मजला उतरवायची वेळच येत नाही. टाकी जिन्याच्या खोलीवरून काढून गच्चीच्या उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या कोपऱ्यात खाली ठेवली तरी वाटेतली टाकीची पाच फूट उंची एका दिवसात कमी होते. प्लंबरला अर्ध्या दिवसाचं काम. जाहिरातीचे फलक आणि स्वागत कमानी तर त्या दोन आठवड्यांपुरत्या उतरवल्या तरी पुरतं. आणि नवं बांधायचं असेल तर नकाशा काढतानाच जिना घराच्या त्या बाजूला घ्यावा जिथून सावली कमानीवर पडत नाही, आणि रस्त्याकडच्या अंगाला कठड्याऐवजी जुन्यासारखं उतरतं कौलारू छप्पर ठेवावं.